सिसिलीत काय खावं, कोणत्या गावी आणि कोणत्या महिन्यात

तिखटमीठ

इटलीतल्या सिसिली बेटावर जाणाऱ्यांसाठी हा धागा. हॉटेलांची नावं नकोत, ती बदलत राहतात. पदार्थ, गाव, हंगाम आणि फसगत कुठे होते एवढंच लिहूया.

आधी एक गोष्ट. 'सिसिलियन जेवण' असं म्हणून तिथे काही मागता येत नाही. पालेर्मोचं खाणं वेगळं, कातानियाचं वेगळं, त्रापानीचं तर अर्धं ट्युनिशियाकडे झुकलेलं. शिवाय निम्मे गोड पदार्थ सणाला बांधलेले. त्यामुळे गाव आणि महिना ठरवा, मग यादी करा.

पालेर्मोत बाल्लारो आणि कापो हे बाजार सकाळी. तिथे पाने ए पानेल्ले (हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात), क्रोक्के (बटाट्याचे लांबट तळलेले रोल, आत पुदिना किंवा पार्स्ली), स्फिंचोने (जाड, स्पंजासारखा पाव, वर कांदा-टोमॅटो, काच्चोकावाल्लो चीज, ओरेगानो, पावाचा चुरा). मांसाहारींसाठी पानी का मेउसा: वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, पातळ कापून, डुकराच्या चरबीत परतून तीळ लावलेल्या पावात. ही 'स्केत्तू' म्हणजे अविवाहित मागितली तर फक्त लिंबू पिळून मिळते, 'मारितातू' म्हणजे विवाहित मागितली तर वर रिकोटा (निवळीतून काढलेलं मऊ चीज) किंवा काच्चोकावाल्लो येतं. बीफ न खाणाऱ्यांनी हा पाव टाळावा.

कातानियात पास्ता आल्ला नोर्मा (वांगं-टोमॅटोचा पास्ता), ग्रानीता (घुसळत गोठवलेलं सरबत) आणि ब्रियोश (मऊ, गोडसर पाव). मोदिकात चॉकलेट. ब्रोंतेत पिस्ता. त्रापानीत माशांच्या रश्शातलं कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्या). एरिचेत 'जेनोवेसी', म्हणजे खुसखुशीत पारीत कस्टर्ड भरलेली गोल बिस्किटं. ती गरम असतानाच खायची, गार झाली की साधं बिस्किट उरतं.

कढीलिंब

आरांचीनावरून (सारण भरून तळलेला भाताचा गोळा) सुरुवात करतो, कारण पहिलं भांडण तिथेच होतं. पालेर्मोत ती स्त्रीलिंगी, आरांचीना, संत्र्यासारखी गोल. कातानियात तो पुल्लिंगी, आरांचिनो, आणि टोकदार. एटना ज्वालामुखीचा आकार म्हणतात. इटालियन भाषेची आक्कादेमिया देल्ला क्रूस्का या संस्थेने २०१६ मध्ये दोन्ही रूपं चालतात असं सांगितलं, तरी दोन्ही गावांत कुणी माघार घेतलेली नाही. पालेर्मोत जाऊन 'आरांचिनो' मागितलात तर मिळेल, पण दुरुस्त करून मिळेल.

सारण मुख्यतः दोन: 'राग्गू', म्हणजे खिमा, टोमॅटो आणि मटार, आणि 'बुर्रो', म्हणजे लोणी-पिठाचा पांढरा सॉस, मोत्झारेल्ला आणि हॅम. 'बुर्रो'चा अर्थ लोणी असल्याने शाकाहारी मंडळी बिनधास्त घेतात आणि आत हॅम निघतं. पालकाची मिळते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असते.

शाकाहारी_भटका

याच मुद्द्यावर सविस्तर हवं. शाकाहारी, पण अंडं चालतं, अशा माणसाने कशाकशापासून सावध राहायचं?

खलबत्ता

सिसिलीत भाजी, डाळ, चीज यांची चंगळ आहे, पण न दिसणाऱ्या गोष्टी चार.

पहिली 'स्त्रुत्तो', डुकराची चरबी. कान्नोलीच्या (गोड रिकोटा भरलेली तळलेली नळी) पिठात मोहन म्हणून तीच असते, आणि पारंपरिक ठिकाणी तळणही तिच्यातच. ग्रानीतासोबतच्या ब्रियोशमध्येही अनेकदा असते. विचारायचं: "चे लो स्त्रुत्तो?" नळी नको असेल तर रिकोटाचं क्रीम वाटीत मागता येतं.

दुसरी 'आच्चुगे', म्हणजे खारवलेली अँचोव्ही, एक छोटा मासा. स्फिंचोनेच्या सॉसमध्ये ती विरघळून गेलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. 'पाने कुंझातो'त (तेल, टोमॅटो, ओरेगानो, ताजं चीज भरलेला गरम पाव) मात्र ती वेगळी ठेवता येते: "सेंत्सा आच्चुगे".

तिसरी रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला वापरतात तो जनावराच्या पोटातला अर्क. रागुझानो हे तिथलं प्रसिद्ध चीज कोकराच्या किंवा करडाच्या रेनेटने लागतं. रिकोटा निवळीतून होतो, पण ती निवळ रेनेटच्या चीजचीच. काटेकोर शाकाहारी असाल तर हे आधीच ठरवून जा, दुकानात विचारून उपयोग नाही.

चौथी सर्वात गमतीची. मोदिकात 'म्पानातीग्गी' नावाची करंजीसारखी अर्धचंद्राकृती बिस्किटं मिळतात. आत बदाम, चॉकलेट, दालचिनी आणि गोमांसाचा खिमा. चवीवरून मांस अजिबात ओळखू येत नाही. चॉकलेटच्या दुकानात शेजारीच मांडलेली असतात.

निर्धास्त खाण्याजोगं: पानेल्ले (तळणीचं तेल क्रोक्केचं आणि कधी माशांचंही एकच असतं, ते बघा), कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी), पास्ता आल्ला नोर्मा, रागुझाकडची टोमॅटो-चीजची 'स्काच्चा' (घड्या घातलेली पातळ भरलेली रोटी, पिठात स्त्रुत्तो आहे का विचारून), आणि 'माक्को', वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं रानबडीशेप घातलेलं दाट वरण. माक्कोवर वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आपल्याकडच्या माणसाला तिथे घरचं काही वाटलं तर ते हेच.

अर्धी_वाटी

पानेल्ले म्हणजे सुरळीची वडीच की. बेसन शिजवा, ताटाला पसरा. फक्त नंतर तळायची.

पाटावरवंटा

कृती त्या घराण्यातली, पण प्रमाण सुरळीच्या वडीचं घेतलंत तर तळताना कढईत पिठलं होईल. पानेल्लेचं प्रमाण वजनाने एकास तीन: २५० ग्रॅम पीठ, ७५० मिली पाणी. वाटीने मोजलं तर एक वाटी पिठाला सव्वा ते दीड वाटी पाणी येतं, कारण बेसन हलकं असतं. म्हणजे ही पाटवडीची जवळची नातेवाईक.

पाणी गारच घ्यायचं, थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या, एक चमचा मीठ. मध्यम आचेवर न थांबता ढवळत १५ ते २० मिनिटं. कडा सुटायला लागल्या आणि पळीला जड लागलं की बारीक चिरलेली पार्स्ली घालून लगेच पसरायचं, ३-४ मिमी जाड. हात चालवा; दोन मिनिटांत पीठ धरतं आणि मग पसरत नाही. पूर्ण गार झाल्यावर कापून १८० अंशाच्या तेलात दोन-तीन मिनिटं.

बिघडतं कुठे? कमी शिजवलं तर कच्च्या बेसनाचा वास राहतो, तळूनही जात नाही. कोमट असताना तळलं तर तुटतं. तेल थंड असेल तर वडी तेल पिते. जाड पसरलं तर बाहेरून लाल आणि आत लापशी. हळद, हिंग, मोहन काहीही नाही. चव लिंबू आणि मिरपुडीची, ती पावात ठेवल्यावर वरून.

तिथलं पीठ काबुली हरभऱ्याच्या जातीचं, आपलं बेसन चणाडाळीचं, त्यामुळे आपल्या बेसनाची चव थोडी उग्र येते. छोले दळून आणले तर जास्त जवळ जातं.

तिखटमीठ

हे छान. कान्नोलीबद्दल कुणी लिहील का? नळी मऊ का पडते हा प्रश्न हमखास येतो.

पाटावरवंटा

कान्नोलीचा नियम एकच: भरलेली घ्यायची नाही, भरून घ्यायची. काचेच्या कपाटात आधीच भरून ठेवलेली रांग दिसली तर पुढे चला. रिकोटातलं पाणी अर्ध्या तासात नळीत शिरायला लागतं. काही दुकानं नळीला आतून चॉकलेटचा पातळ लेप देतात, त्याने वेळ वाढतो, पण तो तडजोडीचा मार्ग. पियाना देल्यी आल्बानेसी (पालेर्मोच्या दक्षिणेला डोंगरात, पंधराव्या शतकात आलेल्या अल्बेनियन लोकांचं गाव) आणि त्रापानीजवळचं दात्तिलो, ही दोन गावं कान्नोलीसाठीच ओळखली जातात. आकार थोराड, एक दोघांत पुरतो.

रिकोटा मेंढीच्या दुधाचा हवा. त्याचा हंगाम हिवाळा ते वसंत, कारण तेव्हा चारा हिरवा असतो. ऑगस्टमध्ये गवत वाळतं, दूध आटतं, आणि बरीच दुकानं गाईच्या रिकोटावर येतात किंवा साठवणीचा वापरतात. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी कान्नोलीपेक्षा ग्रानीतावर भर द्यावा, असं माझं मत.

घरी करणाऱ्यांसाठी नळी: २५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम घट्ट चरबी (शाकाहारी करायचं तर वनस्पती तूप, साजूक तुपाने चव भलतीकडे जाते), १ चमचा कोको, चिमूट दालचिनी, १ मोठा चमचा व्हिनेगर आणि लागेल तशी ६० ते ७० मिली मार्साला वाइन. पीठ पुरीपेक्षा घट्ट. मोहन कडकडीत नाही, गार, चोळून. झाकून निदान एक तास ठेवायचं, नाहीतर लाटताना आक्रसतं. दीड-दोन मिमी लाटून १० सेंमीची चकती, स्टीलच्या नळीवर सैलसर गुंडाळायची, टोकाला अंड्याचा पांढरा बलक. १७५ ते १८० अंशांवर दीडेक मिनिट.

वर फोड आले पाहिजेत. नाही आले तर पीठ सैल होतं, जाड लाटलं किंवा तेल थंड. जोड उघडला तर त्याला तेलाचा हात लागला होता. नळीवरून सुटेना तर फार घट्ट गुंडाळलं. 'कान्ना' म्हणजे बोरू. पूर्वी बोरूच्या कांड्यांवर गुंडाळत, नाव तिथूनच.

अर्धी_वाटी

आणि सारण? आपल्याकडे मेंढीचा रिकोटा मिळणार नाही. पनीर किसून चालेल?

पाटावरवंटा

पनीर नाही. पनीर दाबलेलं असतं, कितीही वाटलं तरी रवाळ राहतं. एक लिटर म्हशीचं दूध आणि १०० मिली क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, आच बंद करून दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला, १० मिनिटं हात लावू नका. मग झाऱ्याने अलगद कापडात काढून टांगायचं, दाबायचं नाही, रात्रभर फ्रिजमध्ये.

पुढचं सगळं श्रीखंडासारखं. ५०० ग्रॅम निथळलेल्या रिकोटाला १५० ते २०० ग्रॅम साखर मिसळून दोन-तीन तास ठेवायचं, साखर पाणी सोडवते, ते ओतून टाकायचं, मग बारीक चाळणीतून दोनदा काढायचं. पुरणयंत्राची बारीक जाळी चालते. मिक्सर लावलात की पातळ झालं म्हणून समजा. चॉकलेटचे तुकडे शेवटी. कडेला पिस्त्याची भरड किंवा संत्र्याच्या पाकवलेल्या सालीची पट्टी.

उकडगरम

कातानियाच्या बाजूचं लिहितो.

ग्रानीता म्हणजे बर्फाचा गोळा नव्हे. खडे दाताखाली आले तर ती फसली. साखरेचं पाणी गोठताना सतत घुसळलं की स्फटिक मोठे होत नाहीत, इतकंच तंत्र. जुनं साधन म्हणजे लाकडी बादली, आत धातूचं भांडं, मधे बर्फ आणि मीठ. आपल्याकडचं हाताने फिरवायचं आइस्क्रीमचं पॉट, तेच. एटनावरचा बर्फ खड्ड्यांत गवत-पेंढ्याखाली साठवून उन्हाळ्यात खाली आणायचा व्यवसायच होता.

लिंबाची घरी करायची तर ५०० मिली पाणी, २५० मिली लिंबाचा रस, २०० ते २५० ग्रॅम साखर. साखर कमी घातली तर वीट होते, जास्त घातली तर गोठतच नाही. 'आरोग्यासाठी निम्मी साखर' इथे चालत नाही. फ्रिजरमध्ये दर अर्ध्या तासाने काट्याने मोडत राहायचं, तरी पॉटइतकी मऊ येत नाही.

तिथे हा सकाळचा नाश्ता आहे, उन्हाळ्यात. बदाम, पिस्ता, काळं तुतू, लिंबू. मेस्सिनात कॉफीची, वर साखर न घातलेली क्रीम. ब्रियोशच्या डोक्यावर गोल शेंडी असते, 'तुप्पो', ती आधी तोडून ग्रानीतात बुडवायची. दुपारी जेवणानंतर ब्रियोशसह मागितलीत तर मिळेल, फक्त तुम्ही पाहुणे आहात हे कळेल.

नोर्मा पास्ता: तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीची बेसिल, आणि वरून किसलेला खारवलेला सुका रिकोटा. पार्मेजान घातलं की ती नोर्मा नाही. नाव कातानियाच्या बेल्लीनी या संगीतकाराच्या १८३१ च्या 'नोर्मा' या ऑपेरावरून.

आणि चौकातल्या टपऱ्यांवर 'सेल्त्झ लिमोने ए साले' प्या: ताज्या लिंबाचा रस, मीठ, जोरदार सोडा. म्हणजे आपला खारा लिंबू सोडा, शब्दशः. ग्लास हातात आल्या आल्या संपवायचा, गॅस गेला की मजा गेली.

कढीलिंब

कापोनाता राहिली. १ किलो वांगी अडीच सेंमीच्या फोडी करून तळून बाजूला. २-३ सेलरीचे दांडे उकळत्या पाण्यातून काढून. एक कांदा परतून त्यात २५० ग्रॅम टोमॅटोचा रस, १०० ग्रॅम हिरवे ऑलिव्ह, ४० ग्रॅम केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या; मिठातले असतील तर दोनदा धुऊन). शेवटी ५० मिली व्हिनेगरमध्ये ३५ ग्रॅम साखर विरघळवून ओतायची, मोठ्या आचेवर वाफ जाऊ द्यायची. वांगी त्यानंतर, आच बंद केल्यावर. सॉसमध्ये वांगी शिजवली की भरीत होतं.

गरम खायची नाही. किमान पाच-सहा तास, खरं तर दुसऱ्या दिवशी, खोलीच्या तापमानाला. हॉटेलात वाफाळती आली तर ती नुकतीच गरम करून दिलीय एवढं समजा. पालेर्मोत ढोबळी मिरची नसते, कातानियाकडे असते.

खलबत्ता

मासे खाणाऱ्यांसाठी दोन ओळी. 'पास्ता कोन ले सार्दे': सार्डिन, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोज्याच्या जातीचे पाइन नट, केशर, वरून भाजलेला पावाचा चुरा. वसंतात खा, रानबडीशेप तेव्हा कोवळी असते. घरी करताना शेपू घालू नका, चव पूर्ण बदलते. बडीशेपेच्या गड्ड्याची पालवी आणि पास्ता उकडायच्या पाण्यात मूठभर बडीशेप. मासा म्हणून तारली उत्तम.

त्रापानीचं कुसकुस पाकिटातलं नसतं. रवा मातीच्या पसरट परातीत पाण्याचे शिंतोडे देत बोटांनी फिरवून कण्या करतात, मग चाळणीच्या भांड्यात वाफवतात. दोन भांड्यांमधली फट कणकेने लिंपतात, नाहीतर वाफ बाजूने निसटते आणि कण्या कच्च्या राहतात. नंतर रस्सा घालून, जाड कापडात गुंडाळून मुरवत ठेवतात. सान व्हितो लो कापो इथे सप्टेंबरात कुसकुसचा उत्सव असतो.

तिखटमीठ

आता महिने. हे तिथे जायच्या तारखा ठरवताना उपयोगी.

फेब्रुवारी ३ ते ५, कातानियात संत आगाताचा उत्सव: 'मिन्ने दी सांत आगाता', पांढऱ्या साखरेच्या लेपाचे छोटे घुमट, आत रिकोटा, वर चेरी. संताच्या छळात तिचे स्तन कापले गेले, त्याची ही आठवण; आकाराबद्दल हसू नये. १९ मार्चला संत जोसेफची 'स्फिंची', तळलेल्या मऊ पिठावर रिकोटा. ईस्टरला कास्साता: केक, रिकोटा, बदामाचा हिरवा पट्टा, साखरेचा लेप, पाकवलेली फळं. प्रचंड गोड असते, दोघांत एक तुकडा घ्या. तितकी गोड नको असेल तर 'कास्साता आल फोर्नो', भाजलेली, बिनलेपाची, मागा. जुलै-ऑगस्टला पालेर्मोत 'जेलो दी मेल्लोने': १ लिटर कलिंगडाचा रस, ९० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १०० ग्रॅम साखर, जाईच्या फुलांचा वास. जिलेटीन नसतं. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी 'फ्रुत्ता मार्तोराना', बदाम-साखरेची हुबेहूब फळं. ती काजूकतलीच्या वळणाची: पाक, मग आच बंद करून पूड.

१३ डिसेंबर, सांता लुचीया. पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. १६४६ च्या दुष्काळात धान्याचं जहाज आलं आणि भुकेल्या लोकांनी दळायला न थांबता गहू तसेच उकडले, अशी कथा. म्हणून दिवसभर आरांचीने आणि 'कुच्चीआ'. कुच्चीआ म्हणजे गव्हाची खीर, गुळाऐवजी रिकोटा आणि चॉकलेट घातलेली. गहू दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवतात, मग मंद आचेवर काही तास. घरी सडलेला खपली गहू रात्रभर भिजवून कुकरला लावलात तर काम सोपं. दाणा फुटायला हवा, पण लगदा नको. पूर्ण गार झाल्यावरच रिकोटा मिसळा, गरमात तो पाणी सोडतो.

शाकाहारी_भटका

आणायचं काय? मोदिकाचं चॉकलेट मुंबईच्या उकाड्यात टिकेल का?

खलबत्ता

टिकतं, इतर चॉकलेटपेक्षा बरं. ते सुमारे ४० अंशांवरच घोटतात, साखर विरघळत नाही, म्हणून दाताखाली कचकचतं. ती खराबी नव्हे, तेच त्याचं लक्षण. दूध नाही, वरून कोको बटर नाही. २०१८ मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं, वेष्टनावर ते चिन्ह पाहा. वर पांढुरकी झाक आली तरी खाता येतं. पहिल्यांदा घेत असाल तर दालचिनीचं.

ब्रोंतेचा पिस्ता विषम वर्षीच उतरतो, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. मधलं वर्ष झाड रिकामं. दाणा बारीक, लांबट, साल जांभळट, आत हिरवा. पोपटी रंगाची क्रीम दिसली तर लेबल वाचा: पिस्ता किती टक्के आणि पहिलं नाव साखरेचं आहे का. 'ब्रोंते' हा शब्द मोठा आणि मानांकनाचं चिन्ह नाही, अशी बरणी ठेवून द्या.

पिस्ता क्रीमची बरणी विमानात द्रवपदार्थात मोजतात, १०० मिलीच्या वरची बऱ्याच विमानतळांवर केबिन बॅगेतून काढून घेतात, चेक-इनमध्ये टाका. कान्नोलीच्या नुसत्या नळ्या पाकिटात मिळतात, त्या कडक डब्यात घालून आणा. भरलेली कान्नोली आणायचा विचार करू नका.